साडूचा कोपरा

खैरूनने सकाळपासून तिसऱ्यांदा त्या फोटोची काच पुसली, तेव्हा नूर मोहम्मद मिस्त्रीने चहाचा कप खाली ठेवला.

“पुसून पुसून भोक पडन त्या फोटोले,” तो म्हणाला.

“पडू द्या. उद्या तहसीन येऊन राह्यली. बहिणीनं आपल्या माणसाचा फोटो धुळीत ठेवला, असं वाटलं पाह्यजे का तिले?”

फोटो तहसीनच्या नवऱ्याचा होता. तहसीन म्हणजे खैरूनची धाकटी बहीण, आणि तिचा नवरा रईस म्हणजे नूर मोहम्मदचा साडू. तेरा वर्षांपूर्वी रईसच्या थोरल्या भावाने त्याला अमेरिकेत, टेक्सासला, बोलावून घेतलं आणि तिथून हा फोटो आला. फोटोत रईस नारिंगी जाकीट आणि पांढरं हेल्मेट घालून उभा होता. त्याच्या मागे एकावर एक असे पाच पूल, जिलेबीच्या वेढ्यांसारखे एकमेकांत शिरून पुन्हा बाहेर पडलेले. रईसने उजवा हात उंच केला होता, पण मनगटाच्या जरा वर फोटो संपत होता. “पाहा, कसा हुकूम सोडून राह्यला!” असं खैरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. रईस अमेरिकेत पूल बांधतो, हे ब्रह्मपुरीच्या त्या मोहल्ल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पूल नूर मोहम्मदही बांधायचा. वीस-बावीस वर्षं तो गडचिरोलीच्या जंगलातले नाले पालथे घालत होता. कुठे मोरी, कुठे पुरात पाण्याखाली जाणारा रपटा, कुठे दोन गाळ्यांची पुलिया. पण त्याच्या कुठल्याच पुलाचा कोणी फोटो काढला नव्हता.

“रईसमियाँच्या पुलावरून एका टायमाले सोळा गाड्या जाते म्हणते,” खैरूनने आतून आवाज दिला. “तुमच्या पुलावरून किती जाते जी?”

“माह्या पुलावरून एसटी जाते.”

“एकच?”

“एक सकाळी जाते. तेच संध्याकाळी वापस येते.”

खैरून फडकं घेऊन बाहेर आली आणि चौथ्यांदा फोटोची काच पुसू लागली, आणि तेच नूर मोहम्मदला जास्त झोंबलं.

खरं दुखणं निराळंच होतं. दोघांचे सासरे स्वतः नावाजलेले मिस्त्री. त्यांच्याच हाताखाली नूर मोहम्मद शिकला आणि काही दिवस रईसही आला होता. काही दिवस म्हणजे मोजून चार महिने. सळई वाकवताना बोट चेमटलं, त्या दिवशी तो जो घरी गेला तो कामावर परतलाच नाही. ज्याला सळई वाकवता आली नाही, तो अमेरिकेच्या सरकारचे पूल उभे करतो आणि आपण येरमटोल्याच्या नाल्यावर आठ मीटरची पुलिया बांधतो, ही गोष्ट नूर मोहम्मदच्या घशात माशाच्या काट्यासारखी तेरा वर्षं अडकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. रईसच्या पोटाचा घेर वाढला होता, केस उडाले होते, पण माणूस पूर्वीसारखाच अघळपघळ. त्याने नूर मोहम्मदला भेट म्हणून मोजायची टेप आणली होती. चांगली तळहाताएवढ्या डबीत बसलेली, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. नूर मोहम्मदने ती उघडून पाहिली. सगळे आकडे फूट-इंचाचे.

“इथी मीटर चालते,” तो म्हणाला. एवढं एक तरी वैगुण्य सापडल्याचं त्याला बरं वाटलं.

जेवायला बसल्यावर त्याने हळूच खडा टाकून पाहिला. “तिथी स्लॅब केवढा टाकता तुमी लोकं?”

“गंज मोठा, खूप मोठा टाकते, भाईजान.”

“सळई किती एम.एम.ची?”

“ते... ते इंजिनियर पाह्यते.”

“मंग तू काय पाह्यते?”

रईसने घास तोंडात घोळवला. “मी... गाड्या पाह्यतो. येणाऱ्या-जाणाऱ्या. सगळ्यावरच नजर ठेवा लागते.”

“सगळ्यावर नजर!” खैरूनने कौतुकाने त्याच्या ताटात मटणाची आणखी एक बोटी वाढली. नूर मोहम्मदच्या ताटात तिने रस्सा वाढला.

तहसीनने मात्र आपल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पाण्याचा तांब्या उगाच पुढे सरकवला. ते नूर मोहम्मदच्या नजरेतून सुटलं नाही. या माणसाला काहीही येत नाही, अशी त्याची जवळजवळ खात्री पटली. गुरुवारी येरमटोल्याचा स्लॅब पडायचा होता. रईसच आपणहून म्हणाला, “मले पाह्यचा आहे तुमचा पूल,” तेव्हा एरवी सतरा कारणं सांगणारा नूर मोहम्मद लगेच म्हणाला, “चाल ना. तू दोन गोष्टी सांगशीन आम्हाले.” चार माणसांत याला सळयांपुढे उभं करायचं आणि विचारायचं. मग काय व्हायचं ते होवो.

पण एक घोटाळा त्याच्याच तोंडाने आधी करून ठेवला होता. पाहुणे यायचे म्हणून सुटी मागताना ओव्हरसियर गुणवंतरावांनी “कोण पाहुणे?” असं विचारलं, आणि नाइलाजाने नूर मोहम्मद म्हणून गेला होता, “साडू आहे. अमेरिकेत पूल बांधते म्हणते.”

गुरुवारी सकाळी दोघे मोटारसायकलवरून येरमटोल्याला पोचले, तर नाल्याच्या काठावर गुणवंतराव इस्त्रीचा शर्ट घालून झेंडूचा हार हातात धरून उभे. शेजारी मजुरांचा मुकादम वारलू आणि त्याची बायको रुखमा, मागे अर्धा गाव. मिक्सर धडधडत होता, पण काम थांबवलं होतं.

“या साहेब, या! आमच्या जंगलात अमेरिकेचे पाय लागले!” गुणवंतरावांनी रईसच्या गळ्यात हार घातला. गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नूर मोहम्मद मोटारसायकल स्टँडवर लावत होता, तेवढ्या वेळात नारळही फुटला.

एवढ्या वर्षांत या ओव्हरसियरने नूर मोहम्मदला साधा अर्धा कप चहा पाजला नव्हता. ‘मिस्त्री, स्लॅब चांगला झाला’ एवढंसुद्धा कधी म्हणाला नव्हता. नूर मोहम्मदने दात आवळले आणि हार सुकायच्या आतच डाव टाकला.

“रईस, हे सळयाईचं जाळं पाह्य बरं. बरोबर आहे का?” त्याने मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

रईस फळ्यांवर चढला. जाळ्याकडे पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. नूर मोहम्मदच्या काळजात कित्येक वर्षांनी गार वारं सुटलं.

“पाह्यलं का मिस्त्री?” गुणवंतराव त्याच्या कानाशी कुजबुजले. “काहीच बोलून नाई राह्यला. जाणता माणूस लवकर तोंड उघडत नाई. नाई तं तू! पाय ठेवला नाई की बडबड सुरू.”

गार वारं तिथल्या तिथे पडलं.

गुणवंतराव पुढे सरकले. “साहेब, तुमच्याकडं सिमेंट किती टाकते?”

रईस अवघडून हसला. काहीतरी सांगून सुटावं म्हणून तो म्हणाला, “भरपूर टाकते, साहेब. तिथी कशाचीच कमी नाई.”

“ऐकलं?” गुणवंतराव मिक्सरकडे वळून ओरडले. “वारलू! दर खेपेले अर्धी बोरी जास्त टाक!”

नूर मोहम्मद धावला. “साहेब, सिमेंट मोजून आणलं आहे. अर्ध्यातच सरून जाईन.”

“अमेरिकेसमोर कंजुषी दाखवतं का? इज्जतीचा सवाल आहे.”

ओव्हरसियरपुढे मिस्त्रीचं काय चालणार? मिक्सर फिरू लागला, घमेली फिरू लागली. रईस सावलीत खुर्चीवर बसला होता आणि त्याला शहाळं मिळालं होतं. नूर मोहम्मद गुडघाभर मालात उभा राहून तो सपाट करायचा पाटा ओढत होता आणि दर दोन मिनिटांनी त्या शहाळ्याकडे बघत होता.

दुपारी बाराच्या सुमारास, स्लॅब बरोबर अर्धा झाला असताना, वारलू रिकामी पोती झटकत आला. “मिस्त्री, सिमेंट सरलं.”

स्लॅबचं काम म्हणजे पोळीसारखं नाही, की अर्धी आता भाजली आणि अर्धी मग. अर्धा माल घट्ट झाला आणि उरलेला मागाहून टाकला, तर मध्ये सांधा पडतो. सांध्यातून पाणी झिरपतं, सळई सडते आणि पाच वर्षांत पूल नाल्यात बसतो. तेव्हा लोक ओव्हरसियरचं नाव घेत नाहीत. मिस्त्रीचं घेतात.

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. बारा किलोमीटरवरच्या गोदामात सिमेंट होतं. ट्रॅक्टर पिटाळला. “तासाभरात येते,” ते म्हणाले, स्वतःलाच ऐकवल्यासारखं.

तास झाला. ट्रॅक्टर दिसला खरा, पण नाल्याच्या पलीकडे. तो गुरुवार बाजाराचा दिवस होता, हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं. पुलाचं काम चालू असल्यामुळे गाड्यांना नाल्याच्या पात्रातून कच्चा रस्ता काढून दिलेला, तोही एकाच गाडीपुरता. त्या रस्त्याच्या मधोमध इकडून आलेली एसटी आणि तिकडून आलेला बांबूचा ट्रक नाकाला नाक लावून उभे होते. एसटीच्या मागे बाजाराची माणसं कोंबलेल्या चार काळ्यापिवळ्या जीप, ट्रकच्या मागे सहा बैलबंड्या, एक म्हशींचा कळप, आणि सगळ्यांत शेवटी सिमेंटचा ट्रॅक्टर.

“हमारी गाडी पीछे नहीं जाती!” ट्रकचा ड्रायव्हर बिरजू टपावर चढून ओरडत होता. “बांबू की पूंछ दस फुट बाहर है। पीछे लूंगा तो बैल को घुसेगी!”

“एसटी सरकारची आहे,” एसटीचा ड्रायव्हर स्टेअरिंगवर हात बांधून शांतपणे म्हणाला. “सरकार मांगं जात नाई.”

गुणवंतराव खाली उतरले. त्यांनी एसटीला मागे व्हायला सांगितलं, ट्रकला पुढे यायला सांगितलं, लगेच उलट सांगितलं, आणि परिणामी एक जीप बाजूने घुसून नाल्याच्या वाळूत रुतली. आता तर चिमणीलाही वाट उरली नाही. सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

नूर मोहम्मदने मालावर बोट टेकवून पाहिलं. कडेला तो घट्ट होऊ लागला होता. त्याने ओलं पोतं त्यावर टाकलं, दुसरं टाकलं, आणि मग हातात काही उरलं नाही म्हणून तसाच उभा राहिला. बावीस वर्षांत त्याच्या एकाही स्लॅबला सांधा पडला नव्हता.

तेवढ्यात त्याला रईस दिसला. रईसने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला होता. तो रुखमाजवळ गेला आणि म्हणाला, “बाई, हे तुमची चुंभळ देता का जरा?”

रुखमाने डोक्यावरची चुंभळ काढून दिली. घमेल्याखाली ठेवायची लाल कापडाची ती गुंडाळी रईसने सोडली, झटकली, एका काठीला बांधली. दुसऱ्या हाताने पळसाची पानांसकट एक फांदी मोडली. आणि हा पोट सुटलेला, सकाळपासून घाम पुसणारा माणूस नाल्यात उतरला, कच्च्या रस्त्याच्या ऐन मध्यावर पाय रोवून उभा राहिला आणि त्याने उजवा हात उंच केला.

नूर मोहम्मद स्लॅबच्या अगदी कडेला आला. तोच हात होता. बैठकीतल्या फोटोत मनगटापाशी तुटलेला हात आज पुढे पूर्ण दिसत होता, आणि त्याच्या टोकाला लाल फडकं होतं.

पण नवल पुढेच होतं. रईसच्या चेहऱ्यावर आता घाबरटपणाचा मागमूस नव्हता. त्याने बिरजूकडे नुसता तळवा दाखवला, तर टपावर नाचणारा बिरजू खाली उतरून जागेवर जाऊन बसला. शेवटच्या जीपला त्याने बोटाने मागे घेतलं, मग तिच्या पुढचीला, मग तिच्याही पुढचीला, एकेकीला बांधाच्या कडेने असं काही लावलं की पेटीत वीट बसावी. दहा माणसं लावून वाळूतली जीप उचलली. मग तो एसटीसमोर गेला. आरडाओरडा नाही, विनवणी नाही. लाल फडकं खाली, हिरवी फांदी वर, आणि मनगटाचा एक सावकाश झोका. सरकार मागं गेलं. ट्रक निघाला, बैलबंड्या निघाल्या. एक म्हैस आपल्या मर्जीने आडवी निघाली होती. लाल फडकं वर जाताच तीसुद्धा थांबली. वीस मिनिटांत सिमेंटचा ट्रॅक्टर मिक्सरपाशी येऊन उभा राहिला.

“टाका रे माल!” नूर मोहम्मद एवढ्या जोरात ओरडला की त्याचा आवाज फाटला.

स्लॅब जुळला. सांधा पडला नाही. मिक्सर सुरळीत चालू लागल्यावर गुणवंतरावांनी खुर्चीवरचा हार उचलून पुन्हा रईसच्या गळ्यात घातला. “साहेब, तुमी आज आमचा पूल वाचवला!”

रईस दमला होता, आणि दमलेल्या माणसाला खोटं पेलत नाही. तो म्हणाला, “साहेब, खरं सांगू का? तिथी माहं कामच हे आहे. मी पूल नाई बांधत. पूल दुसरी लोकं बांधते. मी रस्त्यावर उभा राहून पाटी दाखवतो. एका बाजूनं ‘थांबा’ लिहिलं असते, दुसऱ्या बाजूनं ‘हळू’. तेरा वर्षं झाले, तेच करून राह्यलो.”

ज्या क्षणाची नूर मोहम्मदने इतकी वर्षं वाट पाहिली, तो आपल्या पायांनी चालत आला होता, आणि तोही ओव्हरसियरसमोर.

गुणवंतराव दोन पावलं मागे सरकले. त्यांचे डोळे भरून आले. ते गर्दीकडे वळले. “ऐका! याले म्हणते मोठा माणूस! एवढे पूल बांधले, पण तोंडानं काय म्हणते? मी पाटी दाखवतो! अरे, आपल्याकडं एक मोरी बांधली का लोकं छाती काढून चालते!” हे म्हणताना ते नूर मोहम्मदकडे बघत होते.

“साहेब, नाई, खरंच—” रईस म्हणाला.

“पुरे साहेब! एवढी नम्रता आम्हाले पचायची नाई!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. वारलू तेवढा टाळ्या न वाजवता बिडी ओढत नूर मोहम्मदला म्हणाला, “खरं बोलून राह्यला तो माणूस.” पण वारलूचं कोण ऐकतो?

दुपार कलली तसे दोघे साडू नाल्याच्या कडेला डबा खायला बसले.

“तहसीनले माहीत आहे?” नूर मोहम्मदने विचारलं.

“तिले माहीत नसन तं कोणाले असन?” रईसने भाकरीचा तुकडा मोडला. “तिनंच सांगतलं, घरी बोलू नको म्हणून. खैरूनआपाले वाईट वाटन. पण भाईजान, तुमाले ठाऊक आहे का, आमच्या घरी तुमच्यापायी किती भांडणं होते? ‘माह्या दुलाभाईचे पूल पाह्य. वीस वीस वर्षं झाले, उभे आहेत, लोकं त्याच्यावरून जाते. तू काय केलं? तू त लोकाईले थांबवलं.’ महिन्यातून एकदा तरी हे ऐकतो मी. तिकडं रस्त्यावर उभा असलो ना, का मांगं कांक्रीट पडत राह्यते दिवसभर. वास येते त्याचा. अन् मले तुमचा राग येते. एवढा राग येते, काय सांगू.”

नूर मोहम्मद घास चावायचा विसरला. समुद्रापलीकडे, जिलेबीच्या पुलांखाली उभा राहून एक माणूस येरमटोल्याच्या मिस्त्रीवर जळतो आहे, हे ऐकून त्याला जो आनंद झाला तो वाईट आनंद होता, हे त्यालाही कळत होतं. पण लपवणं जमेना. त्याने तो आनंद दोन घोट पाण्याबरोबर गिळला. मग समोर बसलेल्या माणसाच्या टकलावर झेंडूची एक पाकळी चिकटलेली त्याला दिसली, आणि आनंदाची चव आपोआप उतरली.

“ऊठ,” तो म्हणाला.

“कुठी?”

“स्लॅबवर. शेवटचा कोपरा बाकी आहे. तू ओढ.”

रईसने माल घोटून गुळगुळीत करायचा गुरमाळा दोन्ही हातांनी धरला, लहान बाळ उचलावं तसा. पलीकडचा कोपरा, जेमतेम परातीएवढी जागा. तो गुडघ्यांवर बसला, जीभ दातांत धरली आणि अर्धा तास त्या परातीएवढ्या जागेवर गुरमाळा फिरवत राहिला. जितका फिरवला तितकी जागा खोल होत गेली. शेवटी तिथे चांगला वाडग्यासारखा खळगा पडला. नूर मोहम्मदचे हात शिवशिवू लागले. ‘हा चहाला गेला की दोन हात मारून सारखं करून टाकू,’ असं त्याने ठरवलं. पण रईस चहाला गेलाच नाही. आपल्या कोपऱ्याशेजारी तो अंधार पडेस्तोवर बसून राहिला, आणि तोवर तो खळगा दगड झाला.

घरी पोचले तर बातमी त्यांच्या आधी पोचलेली. एसटीतून उतरलेल्या कोणीतरी मोहल्ल्यात सगळं सांगितलं होतं.

“ऐकलं मी!” खैरून दारातच म्हणाली. “रईसमियाँनं तुमचा पूल वाचवला म्हणते! नाई तं पडलाच होता!”

ताटं वाढली गेली. नूर मोहम्मदने तोंड उघडलं. एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि या घरातली तेरा वर्षांची बोलणी संपली असती. रईसचा हात ताटावर थांबला. तहसीन पाण्याचा तांब्या घेऊन जागच्या जागी उभी राहिली.

“हो,” नूर मोहम्मद म्हणाला. “वाचवला.” आणि भाकरी रश्शात बुडवली. तहसीनने त्या रात्री त्याच्या ताटात न विचारता दोन बोट्या वाढल्या.

आठवड्याने पाहुणे गेले. तीन आठवड्यांनी, नवा स्लॅब भिजता ठेवायला घातलेले मातीचे बांध काढल्यावर, गुणवंतराव येरमटोल्याला तपासणीला आले. स्लॅब सगळा कोरडा, आणि एका कोपऱ्यात मात्र वाडग्याएवढं स्वच्छ पाणी. एक बकरी ते पीत होती.

“मिस्त्री, हे काय होय?”

नूर मोहम्मदने बकरीला हाकललं. “साहेब, तो कोपरा... माह्या साडूनं ओढला.”

गुणवंतराव खाली बसले. खळग्यात बोट बुडवलं, कडेकडेने फिरवलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. “असं आहे का! अख्खा पूल कोरडा, अन् पाणी सारं एका जागी! बाजूनं गाडी जाईन, पाणी उडणार नाई. काय डोकं लावलं बापा त्या माणसानं! अन् आपल्याले सांगतलंसुद्धा नाई.”

“साहेब, ते चुकून—”

“तुले नाई समजणार ते.” गुणवंतराव उठून पँट झटकू लागले. “पुढच्या नाल्याची पुलिया तुलेच देऊन राह्यलो. पण कोपरा असाच पाह्यजे. हुबेहूब.”

मार्चमध्ये पुढच्या नाल्याचा स्लॅब पडला. शेवटच्या कोपऱ्यावर नूर मोहम्मद एकटाच बसला. गुरमाळ्याने त्याने खळगा पाडला आणि जरा हात मागे घेतला, तर कडेची एक रेघ खटकली. ती पुसायला गेला आणि खळगा भरून निघाला. पुन्हा पाडला. पुन्हा हात फिरला. चारदा पाडला आणि चारदा त्याच्या हाताने त्याला न विचारता तो सपाट करून टाकला. वारलू शेजारी बसून बघत होता. पाचव्यांदा तो म्हणाला, “राहू द्या मिस्त्री. तुमच्यानं नाई होत.”

महिन्याभराने गुणवंतराव आले. त्यांनी रुखमाकडून तांब्या मागून घेतला आणि कोपऱ्यावर पाणी ओतलं. पाणी क्षणभर जागच्या जागी थांबलं, मग सगळीकडे सारखं पसरलं आणि दोन मिनिटांत उन्हाने नाहीसं झालं.

गुणवंतराव कितीतरी वेळ त्या सुकलेल्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी नूर मोहम्मदच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

“वाईट वाटून घेऊ नको, मिस्त्री,” ते अगदी मायेने म्हणाले. “तू मेहनत घेतली, ते दिसून राह्यलं. पण त्या माणसाची सफाई तुह्या हातात नाई.”